स्वस्तातला वाइंडर घ्यावा का? आधी घड्याळं एकेक करून पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे तीन ऑटोमॅटिक घड्याळं आहेत, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी. एक सीकोचं, 7एस26 मशीनचं, वार आणि तारीख दाखवणारं. दुसरं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं, आत व्हॅल्जू 7750 मशीन. तिसरं तुमच्या वडिलांचं, पन्नासेक वर्षांपूर्वीचं. मनगटावर रोज एकच जातं, बाकीची दोन दीड-दोन दिवसांत थांबतात, आणि पुन्हा घालायच्या वेळी काटे, वार, तारीख सगळं लावत बसावं लागतं. म्हणून कमी किमतीचा वाइंडर, म्हणजे न घातलेलं घड्याळ मोटरने फिरवत ठेवून त्याची चावी भरणारं खोकं, घ्यायचं मनात आहे. पण एक जण सांगतो की स्वस्त वाइंडरने स्प्रिंग तुटते, दुसरा सांगतो की मोटरमुळे घड्याळात चुंबकत्व येतं, आणि तिसरा नेमकं उलट सांगतो, की घड्याळ बंद ठेवलं तर आतलं तेल गोठतं म्हणून वाइंडर हवाच.

पंचवीस वर्षं मी घड्याळंच उघडत आलोय. या तिन्ही गोष्टी मी गिऱ्हाइकांकडून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांतलं खरं किती आणि ऐकीव किती हे नीट सांगावंसं वाटतं. माझं मत आधीच देतो. वाइंडरने सोय होते ती तुमची. घड्याळाच्या तब्येतीला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे तुम्हाला ती सोय कुठल्या घड्याळासाठी हवी आहे हे आधी ठरवा, मग वाइंडर स्वस्त की महाग ते बघू. स्वस्त वाइंडर चालतो, पण घरी आणल्यावर त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती कशी घ्यायची हेच मला मुख्यतः सांगायचं आहे.

सुरुवात स्प्रिंग तुटण्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट तीच. घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, म्हणजे मेनस्प्रिंग, ड्रम नावाच्या गोल डबीत गुंडाळलेली असते, आणि रोज चावी देण्याच्या घड्याळात तिचं बाहेरचं टोक ड्रमच्या भिंतीला अडकवलेलं असतं. चावी पुरी झाली की ती पुढे फिरत नाही, बोटाला कळतं. ऑटोमॅटिकमध्ये असं अडकवून चालणार नाही, कारण स्प्रिंग भरणारं आतलं वजन, म्हणजे रोटर, मनगटावर दिवसभर फिरतच राहणार. म्हणून तिथे स्प्रिंगच्या बाहेरच्या टोकाला एक ताठ पट्टी जोडलेली असते आणि ती ड्रमच्या भिंतीवर नुसती दाबून बसते. स्प्रिंग भरली की ही पट्टी भिंतीवरून थोडी घसरते, ताण सैल होतो आणि पुन्हा धरते. त्यामुळे कितीही फिरवलं तरी जास्त चावी बसून स्प्रिंग तुटली असं होत नाही. वाइंडरने स्प्रिंग तोडल्याचं एकही घड्याळ माझ्या टेबलावर आलेलं नाही.

मात्र ही घसरण फुकटची नसते. ड्रमच्या भिंतीला खास ग्रीस लावलेलं असतं, घसरू देणारं पण एकदम सुटू न देणारं. पट्टी दिवसाला थोडी घसरली तर ते वर्षानुवर्षं टिकतं. तीच पट्टी रात्रंदिवस घसरत राहिली तर ग्रीस बाजूला सारलं जातं, भिंत घासते आणि ड्रममध्ये काळपट चिखल जमतो. मग दोनपैकी एक त्रास सुरू होतो. कधी पट्टी लवकर सुटायला लागते, स्प्रिंग पुरती भरतच नाही, आणि चाळीस तास चालणारं घड्याळ वीस तासांत थांबतं. कधी उलट होतं, पट्टी उशिरा सुटते, ताण गरजेपेक्षा जास्त राहतो, वेळ मोजणारं झुलतं चाक, म्हणजे बॅलन्स, इतकं जोरात झुलतं की त्याची पिन त्याला ढकलणाऱ्या फोर्कवर मागच्या बाजूने आपटते आणि घड्याळ पुढे धावायला लागतं. म्हणजे भीती पूर्ण खोटी नाही, फक्त तिचं नाव चुकलंय. स्प्रिंग तुटत नाही, पण गरजेपेक्षा फार जास्त फिरवलं तर ड्रम अकाली झिजतो.

आता फार जास्त म्हणजे किती? वाइंडरच्या खोक्यावर टीपीडी असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला किती फेरे. बहुतेक ऑटोमॅटिक मशिनांना 650 ते 800 फेरे पुरतात. स्वस्त वाइंडरची खरी अडचण इथे आहे. खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष फिरणं यांचा मेळ बसेलच असं नाही, आणि काही वाइंडरवर तर आकडाच नसतो, नुसतं एक बटण असतं.

एका गिऱ्हाइकाने असाच एक वाइंडर घड्याळासकट माझ्याकडे आणला होता. घड्याळ फक्त पंधरा-सोळा तास चालत होतं. मी वाइंडर टेबलावर लावून ठेवला आणि मोजला. मिनिटाला 10 फेरे, सलग 5 मिनिटं चालायचा, मग 10 मिनिटं थांबायचा. हिशोब करा. एका चक्रात 50 फेरे, चक्र 15 मिनिटांचं, म्हणजे दिवसात 96 चक्रं. एकूण 4,800 फेरे. गरजेच्या सहापट. त्यावर ते घड्याळ तीन वर्षं होतं. ड्रम उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी काळी पूड होती. त्या माणसाने घड्याळाची काळजी म्हणूनच ते तिथे ठेवलं होतं, आणि हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं.

याच्या उलट चांगल्या हिशोबाचा वाइंडर असा असतो: मिनिटाला 8 फेरे, 2 मिनिटं चाल, 30 मिनिटं विश्रांती. चक्रात 16 फेरे, दिवसात 45 चक्रं, एकूण 720. किंमत या दोघांची सारखीच असू शकते. म्हणून वाइंडर आणल्यावर पहिलं काम हे करा. घड्याळ ज्यात बसवतात त्या फिरत्या कपावर कागदाची चिकटपट्टी लावून खूण करा, समोर फोन ठेवून तासभर व्हिडिओ घ्या, आणि फेरे, चाल आणि विश्रांती मोजून काढा. तासाचे फेरे गुणिले 24. एवढं केलंत की खोक्यावर काय लिहिलंय याची चिंता उरत नाही. दीड हजाराच्या वर आकडा आला आणि कमी करायची सोय नसली, तर मी तो परत करेन. फक्त आकडा जास्त असेल आणि वाइंडर बाकी चांगला असेल तर आणखी एक मार्ग आहे: भिंतीवरच्या सॉकेटला साधा टायमर लावून तो दिवसातून ठरावीक तासच चालू ठेवायचा. मात्र वीज गेली-आली की आपोआप सुरू होणारा वाइंडरच यासाठी चालतो. काही वाइंडर वीज परत आल्यावर बटण दाबेपर्यंत गप्प बसतात. ते आधी तपासा.

आकड्याइतकीच महत्त्वाची आहे दिशा, आणि तुमच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची आहे. रोटर म्हणजे अर्ध्या चकतीसारखं वजन. बाटलीत अर्धं पाणी भरून ती आडवी फिरवली तर पाणी खालीच राहतं, बाटली त्याच्याभोवती फिरते. वाइंडरमध्ये तेच होतं: घड्याळ फिरतं, रोटर गुरुत्वाकर्षणाने खाली राहतो, आणि या दोघांतल्या फरकाने स्प्रिंग भरते. काही मशिनं दोन्ही दिशांचं फिरणं वापरतात, काही एकाच दिशेचं. तुमच्या सीकोत मॅजिक लीव्हर नावाची रचना आहे, सीकोने ती 1959 मध्ये आणली. हुकांसारखे दोन हात एकाच दातेरी चाकाला आळीपाळीने ओढतात आणि ढकलतात, त्यामुळे रोटर कुठेही फिरला तरी स्प्रिंग भरते. साधी, दणकट आणि फार सुंदर कल्पना आहे. 7750 तसं नाही. ते एकाच दिशेला भरतं, दुसऱ्या दिशेला रोटर मोकळा गरगरतो. घड्याळ हातात धरून हलवलंत तर मनगटाला जाणवणारी ती घरघर याच मोकळ्या फिरण्याची असते. तो दोष नाही.

याचा परिणाम असा. वाइंडर दोन्ही दिशांच्या मोडवर 720 फेरे देत असेल तर सीकोला सगळे उपयोगी पडतात, 7750 ला मात्र निम्मेच, म्हणजे 360. तेवढ्यात ते हळूहळू रिकामं होत जाईल आणि तीन-चार दिवसांनी थांबेल, आणि तुम्ही म्हणाल की वाइंडर खराब आहे किंवा घड्याळ खराब आहे. दोन्ही ठीक असतात. म्हणून दोन घड्याळांचा वाइंडर घेणार असाल तर दोन्ही कपांची दिशा वेगवेगळी लावता येते का, हे घेण्याआधी विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच वाइंडरमध्ये एकाच मोटरवर दोन्ही कप फिरतात आणि दोघांना एकच मोड मिळतो.

कुठल्या मशीनला कुठली दिशा, याचे तक्ते सापडतात, पण ते मी डोळे मिटून मानत नाही. एखाद्याने घड्याळ समोरून पाहिलेलं असतं, दुसऱ्याने पाठीमागून, कुणी घड्याळाची दिशा सांगतो तर कुणी रोटरची. सगळं उलटसुलट होऊन जातं. त्यापेक्षा घड्याळालाच विचारा. ते पूर्ण थांबू द्या. मग चावी न देता वाइंडरवर एकाच दिशेच्या मोडवर चढवा आणि दुसऱ्या दिवशी याच वेळेला पाहा. चालू असेल तर दिशा बरोबर. थांबलेलंच असेल तर दिशा बदला. एका दिवसात पक्कं उत्तर मिळतं.

दिशा ठरल्यावर खरी परीक्षा घ्या. घड्याळाला आधी पूर्ण चावी द्या. 7750 ला क्राऊन, म्हणजे बाजूचं चावीचं बटण, फिरवून देता येते. तुमच्या 7एस26 ला ती सोयच नाही, म्हणून ते एक पूर्ण दिवस मनगटावर घाला. मग तीन दिवस वाइंडरवर ठेवा. तीन दिवसांनी काढून टेबलावर शांत ठेवा आणि कधी थांबतं ते लिहून ठेवा. या दोन्ही मशिनांचा साठा ढोबळमानाने चाळीस तासांच्या आसपास असतो. पस्तीसच्या पुढे गेलं तर वाइंडर स्प्रिंग भरलेली ठेवतोय. दहा-बारा तासांतच थांबलं तर तो घड्याळाला नुसतं जिवंत ठेवतोय, भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या स्प्रिंगवर वेळही नीट लागत नाही. मग फेऱ्यांचा आकडा एक पायरी वर न्या. घड्याळ चांगलं भरत असेल तर उलट एक पायरी खाली उतरून पुन्हा पाहा. ज्या सगळ्यात कमी फेऱ्यांवर घड्याळ भरलेलं राहतं, तोच आकडा कायम ठेवायचा. वाइंडरच्या बाबतीत मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची असेल तर ती ही.

इथे एक सावधगिरी. ही परीक्षा करायची घड्याळाची तब्येत चांगली असताना. रोटरचं बेअरिंग खिळखिळं झालं असेल किंवा दिशा बदलणाऱ्या चाकांतलं तेल चिकट झालं असेल, तर कुठलाच वाइंडर ते भरू शकणार नाही. दिवसभर मनगटावर घालूनही रात्रीत थांबणारं घड्याळ वाइंडरवर चढवू नका, आधी उघडून घ्या.

आता चुंबकत्व. मोटरमध्ये चुंबक असतो हे खरं, आणि घड्याळ त्याच्या जवळ बसतं हेही खरं. बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जातं. पण प्रमाण लक्षात घ्या. चुंबकरोधक घड्याळांसाठी आयएसओ 764 नावाचं मानक आहे. ते 4,800 अँपिअर प्रति मीटर इतकं क्षेत्र सोसण्याची अट घालतं, म्हणजे साधारण 6,000 मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र 25 ते 65 मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असतं. पुष्कळ जण वाइंडरजवळ होकायंत्र नेतात, सुई हलली की घाबरतात आणि वाइंडर परत करतात. सुई पृथ्वीच्या एवढ्याशा क्षेत्रावर चालते, ती हलायला आणखी तेवढंच क्षेत्र पुरतं. घड्याळाला त्याने काही होत नाही.

मोजायचंच असेल तर फोनमध्ये चुंबकीय क्षेत्राचा आकडा दाखवणारं अॅप टाका आणि घड्याळ जिथे बसतं नेमक्या त्या जागी, मोटर चालू असताना, फोनची वरची कड धरून पाहा, कारण सेन्सर बहुधा तिथेच असतो. शे-दोनशे मायक्रोटेस्लाचा आकडा आला तर निर्धास्त राहा. हजारांत गेला तर तो वाइंडर नको. मोटरपासून अंतर वाढलं की हे क्षेत्र फार झपाट्याने कमी होतं. अंतर दुप्पट केलं तर ते सुमारे आठपट घटतं. म्हणून मोटर कपाच्या अगदी पाठीला चिकटलेली आहे, की खाली तळाशी बसवून पट्ट्याने कप फिरवलाय, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

याबाबत मला चकवणारं एक घड्याळ आलं होतं. वाइंडरवर राहणारं, दिवसाला सात मिनिटं पुढे. मोटरला दोष द्यायला मी मोकळाच होतो. वाइंडर आणवला, तपासला, तर मोटरजवळ आकडा किरकोळ. मग झाकण बंद करून पाहिलं. झाकण बंद राहावं म्हणून समोरच्या चौकटीत छोटे पण जबरदस्त चुंबक बसवले होते, आणि घड्याळ काढता-घालताना दर वेळी त्यांना घासून जात होतं. चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, म्हणजे डिमॅग्नेटायझरवर, घड्याळ काही सेकंदांत ठीक झालं, आणि ते चुंबक काढून तिथे साधी खिट्टी लावली. तेव्हा झाकण, खण, कुलूप सगळीकडे फोन फिरवून पाहा. आणि समजा चुंबकत्व आलंच, तर ते काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. त्यापायी घड्याळ कायमचं बिघडत नाही.

तिसरी गोष्ट तेलाची. बंद ठेवलं की तेल गोठतं, ही समजूत जुन्या काळात खरी होती. तेव्हा घड्याळाचं तेल प्राणिजन्य असायचं, डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढलेल्या तेलाला तर मोठा मान होता. ते हवेने घट्ट व्हायचं, चिकट व्हायचं. आज आम्ही जी कृत्रिम तेलं वापरतो, उदाहरणार्थ मोबियस 9010, ती अशी गोठत नाहीत. ती वर्षांच्या ओघात पसरतात, उडतात, आणि घड्याळ चालू असो वा बंद, हे व्हायचंच. फरक पुढे पडतो. तेल संपलेलं घड्याळ खणात बंद असेल तर ते नुसतं बंद असतं. तेच वाइंडरवर असेल तर कोरड्यात चालत राहतं. 7750 मध्ये सेकंदाला 8 ठोके पडतात, दिवसाला 6,91,200, वर्षाला 25 कोटींहून जास्त. एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या बारीक टोकांवर हे सगळं फिरत असतं. तेल असेल तोवर काही बिघडत नाही. नसेल तर त्या टोकांना खाचा पडतात, आणि सर्व्हिसिंगवर भागणारं काम भाग बदलण्यावर जातं.

म्हणून जो वाइंडर वापरतो त्याने सर्व्हिसिंगच्या तारखा मनगटाच्या हिशोबाने धरू नयेत. आठवड्यातून दोनदा घालायचं घड्याळ आता आठवडाभर चालणार आहे. पाच ते सात वर्षांनी उघडायचं म्हणतात ते सतत चालणाऱ्या घड्याळासाठी धरा आणि पाचच्या बाजूला राहा. आणि रोज वाइंडर चालवायलाच हवा असंही नाही. ज्या आठवड्यात घड्याळ घालणार नाही त्या आठवड्यात बंद करा, घड्याळ थांबू द्या. थांबल्याने त्याचं काहीही नुकसान होत नाही.

वाइंडरच्या बाजूनेही एक चांगला मुद्दा आहे, तो मी टाळणार नाही. क्राऊन जितका कमी उघडाल तितकं बरं. स्क्रू-डाऊन, म्हणजे फिरवून घट्ट बसवायच्या, क्राऊनचे आटे आणि आतली रबराची रिंग दर वेळी थोडी झिजतात, आणि धूळ-पाणी आत जायचा मुख्य रस्ता तोच. 1920 च्या दशकात जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने मनगटी ऑटोमॅटिक घड्याळ बनवलं ते याच कारणाने. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत चावीच्या भोकातून धूळ आणि ओल शिरलेली त्याला दिसायची. त्याने चावीच काढून टाकली आणि काटे लावायची सोय काचेभोवतीच्या कड्यात दिली. आठवड्यातून एकदा क्राऊन उघडल्याने आजच्या घड्याळाला फरक पडणार नाही, पण रोज तीन-तीन घड्याळांचे क्राऊन उघडणाऱ्याला मी वाइंडर घे म्हणेन.

आणि ज्यांची बोटं साथ देत नाहीत त्यांनाही. माझ्याकडे एक वृद्ध गृहस्थ येतात. संधिवाताने बोटं वाकली आहेत, क्राऊन ओढताच येत नाही. घड्याळ थांबलं की कुणी भेटायला येईपर्यंत ते तसंच राहायचं. त्यांना अगदी साधा, एका घड्याळाचा वाइंडर मोजून, तपासून दिला. आता घड्याळ रोज वेळेवर असतं आणि रोज त्यांच्या हातावर असतं. त्यांच्यासाठी याहून चांगली वस्तू मला सुचली नसती. पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारं) किंवा चंद्रकला दाखवणारी घड्याळं ज्यांच्याकडे आहेत त्यांचंही तसंच. ती एकदा थांबली की पुन्हा जुळवायला बराच वेळ आणि काळजी लागते, तिथे वाइंडर हवाच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. कप उभा किंवा उभ्याच्या जवळपास कललेला हवा. घड्याळ आकाशाकडे तोंड करून फिरत असेल तर रोटर हलणारच नाही. उशी अशी हवी की घड्याळ तिच्यावर सरकणार नाही आणि पट्टाही ताणला जाणार नाही. सैल घड्याळ कपात दर फेऱ्याला टकटक आपटतं. यूएसबीवरचा वाइंडर असेल तर साध्या 5 व्होल्टच्या चार्जरवर चालवा आणि पहिले दोन दिवस चार्जर फार तापत नाही ना ते हात लावून पाहा. आवाज दुकानात कळत नाही, रात्री कळतो, तेव्हा झोपायच्या खोलीत ठेवणार असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत एक रात्र उशाशी ठेवून पाहा. आणि वाइंडरवरची वेळ मनगटावरच्या वेळेशी ताडून पाहू नका. तिथे घड्याळ उभ्या स्थितींतून सतत फिरत असतं, त्यामुळे हातावर दिवसाला चार सेकंद मागे पडणारं घड्याळ तिथे चार सेकंद पुढेही जाऊ शकतं.

आता तुमची तीन घड्याळं. सीकोला मी वाइंडर लावणार नाही. थांबलं तर हातात आडवं धरून अर्धा मिनिट हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा, सुरू होईल. मग काटे पुढे फिरवत तारीख बदलते ते पाहा, म्हणजे रात्र कुठली आणि दिवस कुठला ते कळेल, आणि काटे सकाळच्या सहावर आणून थांबा. मग वार आणि तारीख लावा, शेवटी वेळ. रात्री 9 ते पहाटे 4 या पट्ट्यात काटे असताना तारीख क्राऊनने बदलू नका, कारण तेव्हा तारीख सरकवणारे दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि जबरदस्ती केली तर तुटतात. सवय झाली की या सगळ्याला दोन मिनिटं लागतात.

7750 ला लावा, हवा असेल तर. एका घड्याळाचा, एक दिशा निवडता येणारा, फेरे कमी-जास्त करता येणारा साधा वाइंडर पुरे आहे. दोन घड्याळांचा घेऊन दोघांना एकच मोड देण्यापेक्षा ते बरं.

वडिलांच्या घड्याळाबद्दल मात्र ते उघडल्याशिवाय मी काहीही सांगणार नाही, आणि तुम्हीही ते उघडल्याशिवाय वाइंडरवर ठेवू नका. ते शेवटचं कधी सर्व्हिस झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुधा तुम्हालाही ठाऊक नसेल. कानाशी धरून हळूच फिरवा. रोटर गुळगुळीत फिरल्याचा बारीक आवाज आला तर ठीक. धातूवर धातू घासल्यासारखा आवाज आला तर ते घालणंही थांबवा. ज्याच्याकडे दुरुस्तीला द्याल त्याला मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि झाकणाची आतली बाजू बघा. तिथे रोटर घासल्याची अर्धवट गोल रेघ आणि तपकिरी पूड दिसली, तर रोटरची धुरी, म्हणजे तो ज्यावर फिरतो तो आस, झिजली आहे. ती बदलून, पूर्ण सर्व्हिसिंग होईपर्यंत ते घड्याळ खणात थांबलेलंच असू द्या. जुन्या घड्याळांच्या धुऱ्या मिळायला कधीकधी महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा घाई करून दुसऱ्याच मशीनची धुरी घासून बसवायला तयार होणाऱ्याकडे ते देऊ नका.